जुना लॅपटॉप आणि हलका डेस्कटॉप : निवड कशी करावी?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० साठीचे नियमित सुरक्षा-अपडेट थांबवले. ज्यांनी वर्षभराची वाढीव मुदत घेतली, त्यांचा प्रश्न फक्त ऑक्टोबर २०२६ पर्यंत पुढे ढकलला गेला आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते आणि इंटेलच्या बाबतीत ढोबळमानाने आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे २०१७ च्या आधी घेतलेले बहुतेक लॅपटॉप धडधाकट असूनही मायक्रोसॉफ्टच्या लेखी बाद झाले आहेत. असा लॅपटॉप भंगारात देण्यापेक्षा त्यावर लिनक्स टाकावे, हा सल्ला योग्यच आहे. पण तो मानायचा ठरवला की पहिल्याच पायरीवर नावांची रांग लागते: एक्सएफसीई, एलएक्सक्यूटी, माटे, सिनॅमन, प्लाझ्मा, ग्नोम, आइसडब्ल्यूएम, ओपनबॉक्स. यांतला सगळ्यात हलका कोणता, असे विचारले की दहा जण दहा उत्तरे देतात आणि प्रत्येक जण आपल्या उत्तराबरोबर मेमरीचा एक आकडाही पुढे करतो.

ते आकडे खोटे नसतात, पण बहुतेकदा अपुरे असतात. या लेखात प्रमुख डेस्कटॉपांचा आढावा घ्यायचा आहेच. पण त्याआधी जुन्या यंत्राला नेमके काय जड जाते, हे पाहिले तर निम्मी निवड आपोआप होते.

डेस्कटॉप म्हणजे नेमके काय?

विंडोजमध्ये पडद्यावर दिसते ते आणि आतली यंत्रणा ही एकच वस्तू आहे असे वाटते. लिनक्समध्ये हे थर वेगळे आहेत. तळाशी कर्नल; तो प्रोसेसर, डिस्क, वाय-फाय सांभाळतो. त्यावर पडद्यावर चित्र उमटवणारी व्यवस्था, म्हणजे जुनी एक्स११ किंवा नवी वेलँड. तिच्यावर विंडो मॅनेजर, जो खिडक्यांना चौकट देतो, त्या हलवतो, लहानमोठ्या करतो. याच्या जोडीला पॅनेल, मेन्यू, फाइल मॅनेजर, आवाजाचे आणि नेटवर्कचे चिन्ह, सूचना, सेटिंग्ज, लॉक स्क्रीन अशी मंडळी एकत्र बांधली की तयार होते ते डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट.

याचा व्यवहारातला अर्थ साधा आहे. डेबियनसारख्या एकाच डिस्ट्रोवर, म्हणजे लिनक्सच्या तयार वितरणावर, तुम्ही एक्सएफसीई बसवू शकता, एलएक्सक्यूटीही बसवू शकता, आणि दोन्ही ठेवून लॉगिन करताना हवे ते निवडू शकता. उलट, वाय-फाय चालत नसेल किंवा झाकण मिटून उघडल्यावर लॅपटॉप जागा होत नसेल, तर डेस्कटॉप बदलून फरक पडणार नाही, कारण ते दुखणे कर्नल, ड्रायव्हर किंवा फर्मवेअरचे आहे. ब्रॉडकॉमची वाय-फाय कार्डे असलेल्या जुन्या लॅपटॉपांवर हा अनुभव पूर्वी हमखास यायचा. डेबियनने १२ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२३ पासून, मालकी हक्काचे फर्मवेअर मूळ इन्स्टॉलरमध्येच द्यायला सुरुवात केल्यापासून वाय-फायचा असा त्रास एकंदरीत कमी झाला आहे.

मेमरीचा हिशोब वाचायचा कसा?

डेस्कटॉपांची तुलना करणारे बहुतेक जण यंत्र सुरू करतात, काहीही न उघडता मेमरी मोजतात आणि आकडा सांगतात. टर्मिनलमध्ये 'फ्री -एच' ही आज्ञा दिली की हा हिशोब दिसतो, पण तो वाचताना गल्लत होते. समजा, ४ जीबी रॅमचा लॅपटॉप आहे. त्यातला काही भाग ग्राफिक्ससाठी बाजूला पडल्याने एकूण ३.७ जीबी दिसते. 'यूज्ड' खाली ०.७ जीबी, 'फ्री' खाली १.२ जीबी आणि 'बफ/कॅश' खाली १.८ जीबी. नवखा माणूस १.२ चा आकडा पाहून घाबरतो. पण बफ/कॅशमधली मेमरी लिनक्सने डिस्कवरच्या फाइली हाताशी राहाव्यात म्हणून वापरलेली असते आणि एखाद्या प्रोग्रॅमला गरज लागली की त्यातली बहुतेक लगेच मोकळी केली जाते. पाहायचा रकाना शेवटचा, 'अव्हेलेबल'. तिथे २.८ च्या आसपास आकडा असेल, तर यंत्राकडे तेवढी जागा खरोखरच आहे.

आता ढोबळ आकडे. डिस्ट्रो, आवृत्ती आणि पार्श्वभूमीला चालणाऱ्या सेवा यांनुसार ते मागेपुढे होतात, हे गृहीत धरून वाचावेत. ६४-बिट यंत्रावर नुसते लॉगिन केल्यावर अँटीएक्स या डिस्ट्रोवरचा आइसडब्ल्यूएम दोन-अडीचशे एमबीत भागवतो. एलएक्सक्यूटी चारशे ते सहाशे, एक्सएफसीई पाचशे ते आठशे, माटे त्याच्याच आसपास किंवा थोडा वर. सिनॅमन आणि प्लाझ्मा आठशे एमबी ते एक जीबीच्या घरात आणि ग्नोम साधारण एक जीबीच्या पुढे.

म्हणजे एक्सएफसीई सोडून एलएक्सक्यूटी घेतल्याने वाचतात शंभर-दोनशे एमबी. आणि आजच्या एखाद्या बातम्यांच्या संकेतस्थळाचा एक टॅब, जाहिराती आणि आपोआप सुरू होणाऱ्या व्हिडिओसकट, तेवढी मेमरी सहज खातो. जीमेल आणि व्हॉट्सॲप वेब हे दोन टॅब दिवसभर उघडे राहिले, की डेस्कटॉप निवडताना केलेली काटकसर कधीच संपलेली असते. जुना लॅपटॉप रडकुंडीला येतो तो ब्राउझरमुळे. म्हणूनच फायरफॉक्समध्ये यूब्लॉक ओरिजिनसारखा जाहिराती अडवणारा एक्स्टेंशन बसवणे हा जुन्या यंत्रावरचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गुणकारी उपाय आहे. तो कोणत्याही डेस्कटॉपवर सारखाच चालतो.

१ जीबीच्या यंत्रावर मात्र हीच दोनशे एमबी जीवनमरणाचा प्रश्न ठरतात. तेव्हा डेस्कटॉपच्या हलकेपणाला किती महत्त्व द्यायचे, हे तुमच्या रॅमवर अवलंबून आहे. रॅम जितकी कमी, तितके ते जास्त.

एक्सएफसीई : मधला मार्ग

एक्सएफसीई हा या यादीतला ज्येष्ठ. ऑलिव्हिए फूर्दां यांनी १९९६ मध्ये तो सुरू केला. पहिल्या आवृत्त्या एक्सफॉर्म्स या टूलकिटवर, म्हणजे बटणे-मेन्यू रंगवणाऱ्या साधनसंचावर, होत्या. ते टूलकिट मुक्त परवान्याचे नसल्याने रेड हॅटने हा डेस्कटॉप आपल्या वितरणात घ्यायला नकार दिला, आणि मग फूर्दां यांनी तो जीटीके या दुसऱ्या टूलकिटवर नव्याने लिहिला. तेव्हापासून त्याची चाल संथ पण ठाम आहे. ४.१२ आवृत्ती २०१५ मध्ये आली, तर ४.१४ यायला २०१९ उजाडले. नंतर ४.१६, ४.१८ आणि ४.२० या दर दोन वर्षांनी, २०२०, २०२२ आणि २०२४ च्या डिसेंबरात आल्या. जुन्या यंत्रासाठी ही मंद गती गुणच म्हणायचा. दर सहा महिन्यांनी मेन्यूची जागा बदलत नाही आणि पाच वर्षांपूर्वी शिकलेले आजही उपयोगी पडते.

एक्सएफसीईची खरी ताकद ही की त्यात काही कमी आहे असे वाटत नाही. थुनार हा फाइल मॅनेजर साधा आणि चपळ आहे. पॅनेल हवे तिथे हलवता येते. दुसरा मॉनिटर, प्रोजेक्टर, ब्लूटूथ, प्रिंटर ही कामे टर्मिनलला हात न लावता होतात. विंडोज ७ ची सवय असलेल्या माणसाला तो फार तर तासाभरात अंगवळणी पडतो.

जुन्या लॅपटॉपवर एक्सएफसीई बसवल्यावर पहिल्याच दिवशी एक गोष्ट करून पाहावी. सेटिंग्जमध्ये 'विंडो मॅनेजर ट्वीक्स' नावाचा भाग असतो. त्यातल्या शेवटच्या 'कंपोझिटर' टॅबमध्ये 'एनेबल डिस्प्ले कंपोझिटिंग' या ओळीपुढची खूण काढली की खिडक्यांच्या सावल्या आणि पारदर्शकपणा लगेच जातो. कोअर टू ड्युओच्या काळातल्या इंटेल ग्राफिक्सवर खिडकी ओढताना जो अडखळलेपणा जाणवतो, तो यामुळे कमी होऊ शकतो. याची दुसरी बाजू अशी, की व्हिडिओ पाहताना चित्रात आडवी चीर दिसू लागते. तशी ती दिसली तर खूण पुन्हा घालावी. रीस्टार्ट लागत नाही. दोन्ही स्थिती मिनिटभरात तपासून होतात.

एलएक्सडीई ते एलएक्सक्यूटी

तैवानच्या होंग जेन यी यांनी २००६ मध्ये एलएक्सडीई सुरू केला तो मुळातच कमी ताकदीच्या यंत्रांसाठी. नेटबुकच्या लाटेत तो लोकप्रिय झाला आणि रास्पबेरी पायच्या डेस्कटॉपचा पायाही तोच होता. पण तो उभा होता जीटीके २ वर. जीटीके ३ कडे जावे, तर ते जड. म्हणून यी यांनी क्यूटी हे टूलकिट वापरून पाहिले आणि २०१३ मध्ये रेझर-क्यूटी या प्रकल्पाशी हातमिळवणी करून एलएक्सक्यूटी आकाराला आला. लुबुंटूने १८.१० आवृत्तीपासून तो स्वीकारला. २०२४ मध्ये एलएक्सक्यूटी २.० क्यूटी ६ वर आला. एलएक्सडीई आजही डेबियनमधून बसवता येतो आणि चालतोही, पण जीटीके २ चा विकास २०२० मध्येच थांबला आहे. नव्याने सुरुवात करणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

एलएक्सक्यूटी नीटनेटका आहे. विंडो मॅनेजर म्हणून तो बहुधा ओपनबॉक्स वापरतो, फाइलींसाठी पीसीमॅनएफएम-क्यूटी. सुरू होताच चपळाई जाणवते. पण त्याच्या हलकेपणात एक मेख आहे. तो क्यूटीवर आहे, तर फायरफॉक्स जीटीकेवर. रोजच्या वापरातले आणखी काही प्रोग्रॅमही जीटीकेचेच असतात. असा पहिला प्रोग्रॅम उघडला की दुसऱ्या टूलकिटचा गोतावळाही मेमरीत येऊन बसतो. एक्सएफसीईत तो आधीच आलेला असतो. त्यामुळे रिकाम्या डेस्कटॉपवर दिसणारा फरक प्रत्यक्ष काम सुरू झाल्यावर आक्रसतो. एलएक्सक्यूटीचा पुरता फायदा हवा असेल तर त्याच्याच कुटुंबातली साधने वापरावीत: फेदरपॅड, क्यूटर्मिनल, एलएक्सइमेज.

माटे आणि सिनॅमन

एप्रिल २०११ मध्ये ग्नोम ३ आला आणि वर्षानुवर्षे हातात बसलेला मेन्यू-पॅनेलचा साचा त्याने मोडीत काढला. खुद्द लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स तेव्हा चिडून काही काळ एक्सएफसीईकडे गेले होते. त्याच वर्षी अर्जेंटिनातल्या एका आर्च लिनक्स वापरकर्त्याने ग्नोम २ ची संहिता घेऊन ती पुढे चालू ठेवली. तो माटे. उबुंटूच्या १०.०४ च्या जमान्यात लिनक्स शिकलेल्यांना माटे उघडल्यावर माहेरी आल्यासारखे वाटते. मेमरीत तो एक्सएफसीईच्या जवळपास आहे, कागदपत्रे वाचण्यासाठीचे ॲट्रिल आणि लिहिण्यासाठीचे प्लूमा ही त्याची साधने भक्कम आहेत. विकासाचा वेग मात्र अलीकडे मंदावला आहे आणि तो करणारे हातही मोजके आहेत.

सिनॅमन लिनक्स मिंटच्या चमूने घडवला. त्याची मुळे ग्नोम ३ मध्ये आहेत, रूप मात्र विंडोजच्या वळणाचे. देखणा आहे, नवख्याला सोपा आहे, पण खिडक्या रंगवण्यासाठी त्याला बऱ्यापैकी ग्राफिक्स चिप लागते. २०१२ नंतरचा कोअर आय-३ किंवा आय-५, ८ जीबी रॅम आणि एसएसडी असेल तर बिनधास्त घ्यावा. त्याखाली नको.

जड म्हणून बदनाम झालेले दोन

केडीई (त्याचाच डेस्कटॉप म्हणजे प्लाझ्मा) १९९६ चा आणि ग्नोम १९९७ चा. दोघेही 'जुन्या यंत्रावर नकोच' या यादीत वर्षानुवर्षे आहेत. ग्नोमच्या बाबतीत ते आजही खरे आहे. त्याचा सगळा पडदा ग्राफिक्स चिपच्या मदतीने रंगवला जातो. चिप दुबळी असेल किंवा तिचा ड्रायव्हर धड नसेल, तर ते काम प्रोसेसरच्या गळ्यात पडते. मग माउस हलवला तरी पंखा घोंघावू लागतो. जुन्या एनव्हिडिया चिपांच्या लॅपटॉपांवर हे विशेष घडते, कारण त्यांचे कंपनीचे ड्रायव्हर केव्हाच थांबले आहेत.

प्लाझ्माची बदनामी मात्र शिळी झाली आहे. प्लाझ्मा ५ च्या काळात केडीईच्या मंडळींनी मेमरीचा वापर इतका आटोक्यात आणला, की काही मोजण्यांत तो एक्सएफसीईच्या हाताशी येऊन उभा राहिला. २०२४ मध्ये आलेल्या प्लाझ्मा ६ नेही ते वळण बरेचसे टिकवले. 'फाइल सर्च'मधली अनुक्रमणिका बंद केली आणि ॲनिमेशनचा वेग वाढवला, की ४ जीबीच्या यंत्रावरही तो चालतो आणि ८ जीबीवर तर सुखाने नांदतो. सोयींच्या बाबतीत या लेखातल्या कुणाहीपेक्षा तो समृद्ध आहे. फक्त जुन्या हार्ड डिस्कवर त्याला सुरू व्हायला वेळ लागतो.

नुसता विंडो मॅनेजर

डेस्कटॉपचा सारा संसार नको, खिडक्या उघडमिट झाल्या तरी पुरे, असे म्हणणाऱ्यांसाठी ओपनबॉक्स, फ्लक्सबॉक्स, जेडब्ल्यूएम, आइसडब्ल्यूएम आहेत. कीबोर्डवर हुकमत असणाऱ्यांसाठी आय-थ्री आहे. यांतले काही सुटे बसवण्यापेक्षा तयार बांधणी घेणे शहाणपणाचे. ग्रीसमध्ये सुरू झालेले अँटीएक्स हे त्यातले अग्रगण्य. डेबियनचा पाया, आइसडब्ल्यूएमचा चेहरा आणि कामाची छोटी साधने आधीच जुळवलेली. बॅरी कॉलर यांनी २००३ मध्ये सुरू केलेले पपी लिनक्स पेन ड्राइव्हवरून थेट रॅममध्ये चढते; हार्ड डिस्क मेलेल्या लॅपटॉपलाही ते कामाला लावते. बोधी लिनक्सचा मोक्षा आणि क्यूफोरओएसवरचा ट्रिनिटी हे आणखी दोन. ट्रिनिटी म्हणजे केडीई ३.५ चे २०१० पासून चालू ठेवलेले रूप.

या वाटेवर कष्ट आहेत. आवाजाची बटणे, पडद्याचा उजेड, झाकण मिटल्यावर झोपणे, पेन ड्राइव्ह लावताच उघडणे, या गोष्टी पूर्ण डेस्कटॉपमध्ये गृहीत असतात. इथे त्यांतली एखादी स्वतः जुळवावी लागते. शिकण्याची हौस असेल तर यात मौज आहे. पण लॅपटॉप आई-वडिलांसाठी किंवा शाळेतल्या मुलासाठी तयार करत असाल, तर ही हौस त्यांच्या माथी मारू नये.

३२-बिटचा शेवट आणि आधाराची मुदत

डेस्कटॉप ठरवण्याआधी प्रोसेसर तपासणे भाग आहे. टर्मिनलमध्ये 'एलएससीपीयू' म्हटले की वरच्याच ओळींत तो ३२-बिट आहे की दोन्ही जमणारा, ते कळते. बरेच कोअर टू ड्युओ लॅपटॉप ३२-बिट विंडोजसह विकले गेले, पण त्यांचे प्रोसेसर ६४-बिटचे आहेत. त्यांना ६४-बिट लिनक्सच द्यावे. २००८ च्या सुमाराच्या नेटबुकांत असलेला ॲटम एन२७० मात्र खरोखर ३२-बिट. त्याची वाट आता अरुंद झाली आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने ३२-बिट पीसीसाठीचा इन्स्टॉलर बंद केला. डेबियन १२ ला दीर्घकालीन सुरक्षा-आधार जून २०२८ पर्यंत आहे. क्रोम तर २०१६ पासूनच ३२-बिट लिनक्सवर नाही, आणि मोझिलानेही १४४ व्या आवृत्तीनंतर अशा यंत्रांसाठी फायरफॉक्स देणे थांबवले. अँटीएक्स अजून ३२-बिट आवृत्ती देते, पण ब्राउझरच नसेल तर डेस्कटॉप कितीही हलका असून काय उपयोग? अशा नेटबुकवर लेखन, पीडीएफ वाचन, गाणी एवढीच अपेक्षा ठेवावी.

दुसरा मुद्दा मुदतीचा. एकच एक्सएफसीई झुबुंटूत, मिंटमध्ये, डेबियनमध्ये आणि एमएक्स लिनक्समध्ये मिळतो, पण अनुभव वेगवेगळा. झुबुंटू आणि लुबुंटूच्या दीर्घ आवृत्त्यांना तीन वर्षे आधार मिळतो, २४.०४ ची मुदत एप्रिल २०२७ ला संपते. लिनक्स मिंट २२ ला तो २०२९ पर्यंत आहे. शिवाय उबुंटूच्या घराण्यात फायरफॉक्स स्नॅपच्या वेष्टनात येतो आणि जुन्या हार्ड डिस्कवर तो पहिल्यांदा उघडताना चांगलाच रेंगाळतो. मिंट आणि डेबियन तो साध्या पॅकेजमधून देतात. हा फरक दोन डेस्कटॉपांमधल्या फरकापेक्षा जास्त जाणवतो.

वेलँडबद्दल थोडक्यात. ग्नोम एक्स११ सोडून निघाला आहे आणि प्लाझ्माही त्याच वाटेवर आहे. एक्सएफसीई ४.२० आणि एलएक्सक्यूटी २.१ मध्ये वेलँडची सोय आली, पण एक्सएफसीईत ती अजून प्रायोगिक आहे. जुन्या लॅपटॉपवाल्याने एवढ्यात त्याची चिंता करू नये. एक्स११ वर एक्सएफसीई, माटे, एलएक्सक्यूटी व्यवस्थित चालतात.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी

मराठी वापरणाऱ्याने निवड करताना आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, अक्षरे नीट उमटतात का? जीटीके आणि क्यूटी ही दोन्ही टूलकिटे देवनागरी व्यवस्थित जुळवतात, म्हणून एक्सएफसीई, माटे, एलएक्सक्यूटी, प्लाझ्मा यांत अडचण नाही. ओपनबॉक्सही सुरक्षित. पण फ्लक्सबॉक्स आणि आइसडब्ल्यूएमसारख्या जुन्या वळणाच्या विंडो मॅनेजरांच्या शीर्षकपट्टीत पहिली वेलांटी भलत्या जागी आणि जोडाक्षरे फुटलेली दिसू शकतात. एक्सटर्मसारख्या टर्मिनलचेही तसेच. आतल्या दस्तऐवजावर याचा परिणाम होत नाही, पण फाइलींची नावे मराठीत ठेवणाऱ्याला ते खुपते.

दुसरी गोष्ट टंकलेखनाची. आयबस किंवा एफसीआयटीएक्स ही साधने सगळीकडे चालतात, पण ती पार्श्वभूमीला राहून मेमरी घेतात आणि हलक्या डेस्कटॉपवर कधीकधी जुळवून द्यावी लागतात. इनस्क्रिप्ट येत असेल तर त्यांची गरजच नाही. एक्सएफसीईच्या कीबोर्ड सेटिंग्जमध्ये 'लेआउट' टॅब उघडावा, भारतीय भाषांच्या यादीतून मराठीचा इनस्क्रिप्ट लेआउट जोडावा आणि भाषा बदलण्याची कळ ठरवावी. ध्वनीनुसार टंकणाऱ्यांसाठी त्याच यादीत मराठीचा कगप लेआउटही आहे. वेगळा प्रोग्रॅम चालवावा लागत नाही. फाँटसाठी लोहित आणि नोटो देवनागरी डेबियनच्या भांडारात तयार आहेत.

श्रीलिपी आणि पेजमेकरवर ज्यांचा छपाईचा व्यवसाय उभा आहे, त्यांनी मात्र या फंदात न पडता त्या कामासाठी विंडोजचे यंत्र ठेवावे. निविदा किंवा जीएसटीसाठी डिजिटल सहीचे यूएसबी टोकन वापरणाऱ्यांनी त्या टोकनचा लिनक्स ड्रायव्हर मिळतो का, याची आधी खात्री करून घ्यावी.

डेस्कटॉपच्या आधी दोन उपाय

पहिला उपाय एसएसडी. २.५ इंची साटा एसएसडी २०१० च्या दशकातल्या बहुतेक लॅपटॉपांत तळाचे दोन-चार स्क्रू काढून बसते. फिरणाऱ्या हार्ड डिस्कवर मिनिटभर रेंगाळणारे यंत्र तिच्यावर काही सेकंदांत उभे राहते. हार्ड डिस्कवरचा आइसडब्ल्यूएम आणि एसएसडीवरचा प्लाझ्मा यांत निवडायचे झाले, तर रोजच्या कामात दुसराच चपळ वाटेल. रॅमची एक खाच रिकामी असेल तर तीही भरावी. जुन्या डीडीआर-३ च्या पट्ट्या वापरलेल्या मालात सहज मिळतात.

दुसरा उपाय फुकटचा: झेडरॅम. यात रॅमचाच एक भाग दाबून भरलेल्या साठ्यासारखा वापरला जातो. कमी लागणारी माहिती हार्ड डिस्कवर ढकलण्याऐवजी आकुंचित करून रॅममध्येच ठेवली जाते आणि बऱ्याचदा ती मूळच्या निम्म्या किंवा त्याहून कमी जागेत बसते. फेडोराने २०२० मध्ये ३३ व्या आवृत्तीपासून हे आपणहून चालू केले. डेबियनमध्ये झेडरॅम-टूल्स हे पॅकेज बसवावे आणि त्याच्या झेडरॅमस्वॅप नावाच्या सेटिंग फाइलमध्ये दोन ओळींपुढचे चिन्ह काढावे: कोणती आकुंचन पद्धत आणि रॅमचा किती टक्के भाग. झेडएसटीडी आणि ५० टक्के ही सुरुवातीला चांगली जोडी आहे. २ जीबीच्या यंत्रावर पाचवा-सहावा टॅब उघडताना याचा फरक कळतो.

निवाडा

आता रॅमनुसार मांडू. १ जीबी किंवा त्याहून कमी असेल तर अँटीएक्स, आणि अपेक्षाही तेवढ्याच. २ जीबी असेल तर लुबुंटू किंवा डेबियनवर एलएक्सक्यूटी, सोबत झेडरॅम, आणि ब्राउझरमध्ये टॅब मोजकेच. ४ जीबी असेल तर एक्सएफसीई. ग्नोम २ ची ओढ असेल तर माटे. ८ जीबी आणि एसएसडी असेल तर हलकेपणाचा विचार सोडून द्यावा आणि प्लाझ्मा, सिनॅमन, एक्सएफसीई यांतला जो आवडेल तो घ्यावा. जुन्या लॅपटॉपसाठी ग्नोमची शिफारस यांतल्या शेवटच्या गटालाही मी करणार नाही.

बसवण्याआधी पेन ड्राइव्हवरून तासभर लाइव्ह चालवून पाहावे. वाय-फाय, आवाज, पडद्याचा उजेड, झाकण मिटून उघडणे आणि यूट्यूबचा एक व्हिडिओ, या पाच गोष्टी जमल्या तर पुढे जावे. आयएसओ फाइल अधिकृत ठिकाणाहूनच घ्यावी आणि तिचा शा-२५६ चेकसम ताडून पाहावा. ऑक्टोबर २०२५ मध्ये झुबुंटूच्या संकेतस्थळावरच्या डाउनलोडच्या दुव्यामागे कुणीतरी विंडोजसाठीचा घातक प्रोग्रॅम दडवला होता, तेव्हा ही काळजी फाजील नाही.

आणि एवढे वाचूनही एकच नाव हवे असेल, तर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती घ्या. पण पैसे खर्च करायचे असतील तर आधी एसएसडीवर करा, आणि डेस्कटॉपची चर्चा त्यानंतर.